पहिल्यांदा बर्फात जाताय? कोल्हापूरकर कुटुंबासाठी तयारीपासून घरच्या हॉट चॉकलेटपर्यंत

आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे रंकाळ्यावर धुकं, डोक्याला कानटोपी आणि दहा वाजता अंगातला स्वेटर हातात. त्यामुळे मनालीला जायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "काय होतंय, दोन स्वेटर जास्त घालू." दुसरा अख्खं कपाट बॅगेत कोंबायला घेतो. दोघांचीही तयारी चुकते, कारण बर्फात माणसाला थंडीपेक्षा ओल जास्त छळते. हातपाय कोरडे राहिले तर पाच वर्षांचं पोर दोन-तीन तास मजेत खेळतं. मोजे भिजले तर पंधराव्या मिनिटाला "आई, हॉटेलवर चल" सुरू होतं, आणि एवढ्या लांबून केलेला प्रवास गाडीच्या काचेतून बर्फ बघण्यात संपतो.

हा लेख मुलं आणि आजी-आजोबा घेऊन पहिल्यांदाच बर्फ बघायला निघालेल्यांसाठी आहे. ठिकाण मनालीच धरलंय. काश्मीर सुंदरच आहे, पण पहिल्या खेपेला मनाली सोपं पडतं. बर्फापर्यंत गाडी जाते, गावात डॉक्टर आणि औषधांची दुकानं आहेत, आणि गाव साधारण २,००० मीटर उंचीवर असल्यामुळे विरळ हवेचा त्रास बहुतेकांना होत नाही.

१. तारखा ठरवा, पण बर्फाच्या सोयीने

दिवाळीच्या सुट्टीत बर्फ मिळत नाही, हे आधी मुलांना सांगून टाका. डिसेंबरमध्ये मिळेलच असंही नाही. हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या हवामान प्रणालींमुळे. त्या जोरात आल्या तर बर्फ, नाहीतर कोरडी थंडी. जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर फेब्रुवारी आपोआपच बाद होतो.

नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळाच, असं माझं स्पष्ट मत आहे. मनालीपुढच्या सोलंग आणि अटल बोगद्याच्या रस्त्यावर तेव्हा गाड्या तासन्‌तास अडकतात, आणि लहान मुलांना घेऊन अंधारात गाडीत बसून राहण्यासारखा त्रास नाही. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली तरी तेच.

मे महिन्यातच जमणार असेल तर रोहतांग खिंडीत, ३,९७८ मीटरवर, जुना बर्फ बहुधा मिळतो. त्यासाठी गाडीचा ऑनलाइन परवाना लागतो आणि रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते. मुक्काम कधीही करा, पण त्यात एक दिवस मोकळा ठेवा. बर्फ पडत असताना रस्ते बंद होतात. पडून गेल्यानंतर जो लख्ख उन्हाचा दिवस येतो, तोच खरा खेळायचा दिवस. तो नेमका तुमच्या परतीच्या बसचा दिवस नसावा.

२. कोल्हापूर ते मनाली

कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. तो वार जुळला नाही तर मिरज गाठा, तिथून रोजची गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनलाच जाते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पूर्वीचा १२० दिवसांचा हिशोब डोक्यातून काढून टाका आणि ६०व्या दिवशी सकाळीच तिकीट काढा. विमानाने जाणाऱ्यांनी उजळाईवाडीबरोबर बेळगाव आणि पुण्याचेही दर बघावेत. चंदीगडपर्यंत विमान मिळालं तर पुढचा रस्ता बराच वाचतो.

दिल्ली ते मनाली रस्त्याने सव्वापाचशे किलोमीटरच्या पुढे. रात्रीची व्होल्वो बारा ते चौदा तास घेते. इथे बहुतेकांची एकच चूक होते. रेल्वे दुपारी दिल्लीत पोचणार म्हणून त्याच संध्याकाळची बस धरतात. हिवाळ्यात उत्तरेकडे धुक्यामुळे गाड्या हमखास उशिरा धावतात आणि बसचे पैसे पाण्यात जातात. एक रात्र दिल्लीत काढा. आजी-आजोबा बरोबर असतील तर चंदीगड किंवा मंडीला आणखी एक मुक्काम करा, पाठ-कंबर दुवा देतील.

घाटात मुलांना उलटी होतेच. जेवण हलकं द्या, पुढच्या सीट घ्या, गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या, आणि प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा.

३. कागदपत्रं

सगळ्यांची आधार कार्डं, लहान मुलांचीसुद्धा. हॉटेलवाले प्रत्येकाचं ओळखपत्र मागतात. ज्येष्ठांच्या औषधांची चिठ्ठी, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची औषधं. हॉटेल आणि तिकिटांच्या छापील प्रती, कारण बर्फ पडला की वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. स्वतःची गाडी असेल तर आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी. तरी कोल्हापूरहून स्वतःची गाडी घेऊन हिवाळ्यात बर्फापर्यंत जाऊ नका. रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा पातळ थर जमतो, तो डांबरासारखाच दिसतो, आणि त्यावर ब्रेक दाबला की गाडी आपल्या हातात राहत नाही.

४. कपडे: या टप्प्यावर घाई करू नका

तीन थर लागतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

अंगालगत थर्मल. तो घट्ट बसायला हवा आणि सुती नको. सुती बनियन घाम पितं आणि ओलंच राहतं. त्यावर लोकर किंवा फ्लीसचा स्वेटर. थंडी सुरू झाली की शहरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, तिथे मुलांच्या मापाचं बरं काही मिळतं. सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारा थर.

या तिसऱ्या थरासाठी लोक उगाच खर्च करतात. आपण गगनबावडा-राधानगरीचा पाऊस बघितलेली माणसं. जॅकेट-पँटचा जोड असलेला चांगला रेनकोट प्रत्येक घरात असतो. तोच एक माप सैल असेल तर स्वेटरवरून चढवा, काम होतं. वरून घालायचा लांब पोंचो मात्र नको, बर्फ खालून आत शिरतो.

हातमोजे प्रत्येकी दोन जोड. लोकरीच्या हातमोज्यांनी मुलं बर्फाचे गोळे करायला लागली की दहा मिनिटांत त्यातून पाणी निथळतं. बाहेरून वॉटरप्रूफ आणि आतून अस्तर असलेले घ्या. लहानांसाठी चारही बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त उबदार, आणि चढवायला सोपे. दोन्ही मोज्यांना नाडी शिवून ती जॅकेटच्या बाह्यांतून ओवून घ्या. मग मोजा हरवत नाही.

पायमोजे लोकरीचे, एकच जाड जोड. दोन-दोन जोड घालून बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. बुटात अंगठा हलला पाहिजे, ही साधी कसोटी. पावसाळी गमबूट चालतात, पण रबर गार पडतं, तेव्हा आत जाड इनसोल घाला.

मनालीहून सोलंगला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे सूट आणि बूट भाड्याने देणारी दुकानं लागतात. ड्रायव्हर त्याच्या ओळखीच्या दुकानासमोर गाडी थांबवणारच. वाईट काही नाही, पण घेण्याआधी बुटात हात घालून थेट टोकापर्यंत बघा. आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाने भिजवलेला बूट वरून कोरडा वाटतो, आणि आतलं अस्तर गार, चिंब असतं. चेन लागते का, शिवण उसवली आहे का, तेही बघा. भाडं, अनामत आणि परत द्यायची वेळ आधी बोलून घ्या. आपले थर्मल आणि मोजे घरून नेलेले असले की फक्त बूट भाड्याने घेऊन भागतं.

गाडीत ठेवायची वेगळी पिशवी: प्रत्येकाचा कोरडा मोज्यांचा जोड, मुलांची एक जादा पँट, टॉवेल, मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या. बूट गळका निघालाच तर कोरडा मोजा, त्यावर पिशवी, मग बूट. तेवढ्यावर दिवस निभावतो.

५. त्या दिवशी नेमकं कुठे जायचं

सोलंग मनालीपासून १३-१४ किलोमीटर, उंची २,५०० मीटरच्या आसपास. तिथे बर्फ असेल तर पुढे जायची गरज नाही. नसेल तर अटल बोगद्यातून पलीकडे लाहौल खोऱ्यातल्या सिस्सू गावाकडे. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि त्याने हिवाळ्यातलं लाहौल पर्यटकांना उघडलं. अलीकडे कोरडी जमीन आणि पलीकडे सगळं पांढरं, असं बऱ्याचदा होतं. पण पलीकडची उंची ३,००० मीटरच्या वर आहे. मनालीत किमान एक रात्र काढल्याशिवाय आजी-आजोबांना तिकडे नेऊ नका.

निघायच्या आधी हॉटेलवाल्याला आणि ड्रायव्हरला दोन गोष्टी विचारा. पोलिसांनी आज गाड्या कुठपर्यंत सोडल्यात? जास्त बर्फ असला की फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. दुसरं, पलीकडच्या गावात सण सुरू आहे का? जानेवारी-फेब्रुवारीत लाहौलमध्ये हालडा, फागली असे देवाचे सण असतात. त्या काळात सिस्सूसारखी गावं पर्यटकांची वर्दळ बंद ठेवतात. त्यांचा नियम पाळायचा, वाद घालायचा नाही.

सकाळी आठला निघा. स्वच्छतागृहं तिथे कमी आणि रांगा मोठ्या, तेव्हा हॉटेलवरूनच सगळं आटोपून. दुपारी तीनला परतीला लागा. सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात हवा पालटते आणि वितळलेला रस्ता पुन्हा गोठतो.

६. बर्फात पाय ठेवल्यावर

पहिली दहा मिनिटं मुलांना काहीही सांगू नका. त्यांना नुसतं चालू द्या. ताज्या बर्फावर पाऊल पडलं की कर्र असा बारीक आवाज येतो, जॅकेटच्या बाहीवर कण पडला तर त्याचे सहा कोन डोळ्यांनी दिसतात. एक छोटं भिंग खिशात असेल तर आजोबासुद्धा वाकून बघत बसतात.

मग खेळ. गोळा वळण्याआधी मूठभर बर्फ दाबून बघा. फार थंडीतला ताजा बर्फ कोरडा, भुसभुशीत असतो आणि गोळा काही केल्या वळत नाही. मुलं हिरमुसतात. शून्याच्या आसपास, ऊन पडून वरचा थर किंचित ओलसर झाला की तोच बर्फ छान चिकटतो. म्हणून सकाळी घसरगुंडी आणि अकरानंतर स्नोमॅन. छोटा गोळा जमिनीवर लोळवत न्या, तो आपोआप मोठा होतो. दर दोन फेऱ्यांनी दिशा बदला, नाहीतर गोळ्याऐवजी पिंप तयार होतं. तीन गोळे एकावर एक, सांध्यांवर बर्फ थापायचा. नाकासाठी गाजर मनालीच्या भाजीबाजारातून घेऊन जा. डोक्याला घरून आणलेला कोल्हापुरी फेटा बांधलात तर आजूबाजूची माणसं फोटो काढायला येतात, आणि मुलांना केवढा अभिमान वाटतो!

घसरण्यासाठी स्वच्छ, जाड प्लास्टिकचं रिकामं पोतं घडी करून न्या. बॅगेत जागा घेत नाही आणि मुलं त्यावरच सर्वांत जास्त रमतात. उतार छोटा निवडा, खाली सपाट मोकळी जागा हवी, दगड-झाडं नकोत, गाडीरस्ता तर नकोच. पाय पुढे, डोकं मागे. पोटावर झोपून डोकं पुढे करून घसरू देऊ नका.

पैसे देऊन करायचे प्रकारही आहेत: ट्यूब, स्लेज, स्नो स्कूटर, शिक्षकाबरोबर स्की. भाव बसण्याआधी ठरवा आणि तो माणशी की फेरीचा, हे स्पष्ट विचारा. स्की शिकायची असेल तर "फोटोपुरतं" घेऊ नका, तासभर शिक्षक घ्या. पहिली वीस मिनिटं फक्त थांबायला शिकण्यात जातात, आणि तेच शिकायचं असतं. याक किंवा ससा हातात देऊन फोटोचा आग्रह करणाऱ्यांना पहिल्यांदाच नम्रपणे नाही म्हणा.

दर पाऊण तासाने सगळ्यांचे मोजे तपासा. ओले असतील तर खेळ थांबवून बदला, मुलं कितीही कुरकुरली तरी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. कडेवरच्या बाळाची हालचाल होत नाही, त्यामुळे आपल्याला घाम आलेला असताना ते गारठलेलं असतं.

उंच, तीव्र उताराच्या खाली तंबू ठोकल्यासारखं बसू नका. खूप बर्फ पडून गेल्यानंतर हिमस्खलनाचा धोका असतो, इशारे दिले जातात. स्थानिक माणूस "तिकडे नको" म्हणाला की नको.

७. तब्येतीच्या चार गोष्टी

ताजा बर्फ ऊन आणि त्यातले अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परत फेकतो. ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. गॉगल सगळ्यांना, मुलांना आधी. सनस्क्रीन हनुवटीच्या आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही.

बोटाचं किंवा कानाचं टोक पांढुरकं पडून बधिर झालं तर ते चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. काखेत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा. शेकोटीवर धरू नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. कडक झालं, फोड आले तर थेट डॉक्टर.

डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं बोगद्यापलीकडे सुरू झालं तर खाली मनालीला परत या. "चमचाभर ब्रँडी दे, ऊब येईल" असा सल्ला मिळेल. दारूने कातडीला गरम वाटतं, पण शरीराची उष्णता बाहेर जाते. मुलांना तर शिवूसुद्धा देऊ नका.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं. रात्री खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. विजेचा हीटर, गरम पाण्याची पिशवी आणि जास्तीची रजई मागून घ्या.

८. खोलीवरचं हॉट चॉकलेट: कोरडं मिश्रण कोल्हापूरहूनच न्या

बर्फातून आल्यावर आधी कपडे बदलायचे, मग कप हातात. मनालीच्या हॉटेलांत रात्री दूध मिळेलच असं नाही, आणि खोलीतल्या विजेच्या किटलीत दूध उकळलं की ते तळाला करपतं, किटली खराब होते. म्हणून दुधाची पावडर.

दहा कपांसाठी: फुल क्रीम दूध पावडर २०० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ६० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, पाव चमचा जायफळ. सगळं दोनदा चाळून कोरड्या डब्यात भरा. चाळणं टाळू नका, गुठळ्या तिथेच मोडतात. कोको बेकरीचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. "ड्रिंकिंग चॉकलेट" लिहिलेला डबा वेगळा, त्यात बरीचशी साखरच असते.

कपात तीन भरगच्च मोठे चमचे मिश्रण, त्यावर दोन चमचे गरम पाणी घालून गुळगुळीत पेस्ट करा, मग उरलेलं पाणी, एकूण १८० मिलिलिटर. एकदम पाणी ओतलं तर कोको वर तरंगत राहतो. या मिश्रणात कॉर्नफ्लोअर घालू नका. मनालीच्या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं आणि कपात ओतल्यावर आणखी निवतं, त्यामुळे पीठ कच्चंच राहतं.

बर्फात न्यायचं असेल तर थर्मासमध्ये फक्त उकळतं पाणी न्या आणि मिश्रण तिथे कपात कालवा. दुधाचं तयार पेय थर्मासमध्ये तासन्‌तास राहिलं की नासतं. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घेतला तर पाणी जास्त वेळ गरम राहतं.

९. घरी आल्यावरचं, आपल्या म्हशीच्या दुधाचं

खरी चैन इथे आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध देणारं हे शहर. अशा दुधात स्निग्धांश इतका असतो की वरून क्रीम घालायची गरजच पडत नाही. पिशवीतलं घ्यायचं तर म्हशीचं, फुल क्रीम.

चौघांसाठी: दूध ८०० मिलिलिटर, डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, कोको ३ मोठे चमचे, साखर ३ मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर १ छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा किंवा दालचिनी. चॉकलेटच्या वेष्टनावर "कंपाउंड" लिहिलेलं नसावं. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं आणि पिताना टाळूला मेणचट थर बसतो.

जाड बुडाच्या पातेल्यात कोको, साखर, कॉर्नफ्लोअर आणि मीठ अर्ध्या वाटी थंड दुधात कालवून घ्या. गुठळी राहू देऊ नका. उरलेलं दूध घालून मध्यम आचेवर ठेवा आणि रवीने सतत घुसळत राहा. उकळी फुटली की आच मंद करून दोन मिनिटं, म्हणजे कॉर्नफ्लोअर शिजतं. मग गॅस बंद करायचा आणि त्यानंतरच बारीक चिरलेलं चॉकलेट घालायचं. उकळत्या दुधात टाकलं तर ते तळाला बसून करपतं. पुन्हा रवी फिरवा, वर फेस येईपर्यंत. रवीच्या फेसाला कुठल्याही यंत्राची सर नाही.

साखरेऐवजी आपला गूळ हवा असेल तर तो चॉकलेटबरोबर, गॅस बंद केल्यावर घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची भीती असते. गुळाने रंग गडद येतो आणि चव थोडी खमंग होते. घरातल्या आजींना हाच प्रकार आवडेल, असा माझा अंदाज आहे.

उरलं तर झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. ते घट्ट होतं, तेव्हा गरम करताना अर्धी वाटी दूध वाढवा, मंद आच ठेवा आणि रवी हातात असू द्या.